पाटावरचा जॅक

सुर्ल्याच्या शिवदास गावसाला या जगात बरी म्हणण्यासारखी एकच वस्तू सापडली होती, आणि ती म्हणजे त्याचा स्वतःचा जॅक. बाकी सगळं त्याच्या लेखी टाकाऊ. नवे ट्रक म्हणजे पत्र्याचे डबे, नवे ड्रायव्हर म्हणजे स्टेअरिंगला लोंबकळणारी माकडं, आणि पाववाला पदेर सकाळी सायकलवरून आणतो ते उंडे पाव म्हणजे नुसती भाजलेली हवा. डिचोलीच्या बाजारात हा पिशवी घेऊन शिरला की भाजीवाल्या भेंडीवर गोणपाट टाकतात, असं त्याची बायको सुलोचना हसत सांगायची. हा येणार, एक भेंडी मोडणार, "ही भेंडी काय माणग्याचो बांबू?" म्हणून विचारणार आणि मोडलेली भेंडी परत ढिगावर टाकून पुढे जाणार. घ्यायचं काही नाही, नाकानं कांदे सोलायचे तेवढे.

माणूस मुळात असा नव्हता, असं म्हणायचा मोह होतो, पण तो असाच होता. फरक एवढाच की पूर्वी त्याच्या तुच्छतेला बसायला जागा होती. खाणीतला माल आमोण्याच्या धक्क्यावर नेणाऱ्या टिपरच्या केबिनमध्ये तो उमेदीची सगळी वर्षं बसला. तिथून खालचं जग चांगलं दिसायचं. स्कूटरवाले, सायकलवाले, बसची वाट पाहणारे मास्तर, नाकावर रुमाल धरून जाणाऱ्या बाया, सगळे तांबड्या धुळीत, आणि शिवदास धुळीच्या वर. उंच बसलेल्या माणसाला खालचे सगळे बावळट दिसतात. तो हॉर्न वाजवी आणि लोक गटारात उतरत. याला तो आपला मान समजे.

मग खाणी बंद पडल्या. टिपर अंगणात उभा राहिला, त्याच्या आरशावर दुधीचा वेल चढला, आणि एके दिवशी भंगारवाला येऊन त्याचे तुकडे करून घेऊन गेला. पुढे काही खाणी पुन्हा उघडल्या, पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला गाडीवर कोण घेतो? भंगारवाल्याच्या दिवशीची एक गोष्ट गावात अजून सांगतात. गाडीबरोबर जॅकही जाणार, असं तो म्हणाला, तेव्हा शिवदासनं काही वाद घातला नाही. तो सरळ त्या जॅकवर बसला. गाडी कापून होईपर्यंत तो तिथून उठला नाही, जेवायलाही नाही.

बाटलीच्या आकाराचा, जाड बुडाचा तो हायड्रोलिक जॅक तेव्हापासून घरात देवाच्या कोपऱ्यात आला. दर खंडेनवमीला ट्रकवाल्यांच्या घरी हत्यारं पाटावर मांडून पुजतात, तसा शिवदासही पुजायचा. इतरांच्या पाटावर पाने, हातोडे, पेंचीस. याच्या पाटावर एकटा जॅक. त्याला खोबरेल तेलाचा हात लावायचा, वर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. वर्षानुवर्षं लावलेल्या कुंकवाचा एक जाड थर त्याच्या गळ्याशी बसला होता. त्याचा दांडा मात्र खाणी बंद झाल्यापासून कुणी एकदाही हलवला नव्हता. देवाजवळची वस्तू, तिला उगाच कशाला हलवायचं, असा विचार.

आता या घरात जावई कसला यावा? श्रद्धानं, त्याच्या एकुलत्या एक मुलीनं, पेडण्याच्या गौरेशशी लग्न केलं. मुलगा औषधांच्या कारखान्यात नोकरीला, स्वभावानं गरीब, सासऱ्याला मामा म्हणून वाकून नमस्कार करणारा. शिवदास सुरुवातीला त्याला 'तुमी' म्हणायचा. मग गौरेशनं एक जुना, चारही चाकांना जोर असलेला छोटा ट्रक घेतला, त्याला उंच टायर बसवले आणि दर रविवारी मित्रांबरोबर तो चिखलात घालायला सुरुवात केली. आणि चिखल कुठला? तर बंद खाणींच्या रस्त्यांवरचा. ज्या वळणांवर शिवदासनं पोटासाठी ब्रेक दाबले, त्या वळणांवर हे लोक हौसेखातर रुतायला जातात आणि रुतलेले फोटो काढून एकमेकांना पाठवतात. शिवदासनं ते फोटो पाहिले आणि त्या दिवसापासून जावयाचा 'तू' झाला.

"आमी रुतलंव तर खाणीचो मालक गाळी घालायचो," तो सुलोचनेला म्हणाला, "आणि हे रुतले तर टाळये वाजयतत!"

हे बोलून झाल्यावर तो बराच वेळ फोटोतला रस्ता बघत बसला. खाणीच्या मागची ती चढण त्यानं लगेच ओळखली होती. त्याला तिथे जायचं होतं. एकदा, फक्त एकदा पुढच्या सीटवर बसून त्या रस्त्यानं वर जायचं होतं. ही गोष्ट त्यानं बायकोला सांगितली नाही, देवालाही सांगितली नाही. मागायचं म्हणजे खाली उतरून मागावं लागतं.

पाऊस ओसरत आला तेव्हा एका शनिवारी गौरेश आणि श्रद्धा सुर्ल्याला आले. दुसऱ्या दिवशी गौरेश आणि त्याचा मित्र संदीप खाणीमागच्या रस्त्यानं जाणार होते. गाडी वाटेत रुतली तर उचलायला चांगला जॅक हवा, म्हणून गौरेशनं तीन तऱ्हेचे जॅक मित्रांकडून मागून आणले होते. ते त्यानं अंगणात गोणपाटावर मांडले आणि पडवीत कदेलावर, म्हणजे आपल्या जुन्या खुर्चीत, बसलेल्या सासऱ्याला विचारलं,

"मामा, ह्यातलो खयचो न्हेवचो? तुमीच सांगा."

श्रद्धानंच त्याला विचारायला सांगितलं असणार. पण शिवदासच्या छातीत काहीतरी ऊब आली खरी. किती वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ती ऊब कुणाला दिसू नये म्हणून त्यानं तोंड कडू केलं आणि तो खाली उतरला.

पहिला कैची जॅक, गाडीबरोबर येतो तो. शिवदासनं तो पायाच्या अंगठ्यानं ढकलला. "ह्यो तुझ्या सासवेक दी. पापड परतूक बरो."

दुसरा फार्म जॅक, पुरुषभर उंचीचा, भोकाभोकांच्या लोखंडी पट्टीचा, दांडा वरखाली करत चढवायचा. "आणि ही? माडार चडूची निसण? गाडी उचलतली हां ही, पण जमीन कलती आसली तर गाडयेबरोबर तुकाय निजयतली."

एवढं बोललेलं बरोबर होतं, हे कबूल केलं पाहिजे. गौरेशनं मान हलवली. त्यालाही फार्म जॅकची भीतीच वाटायची.

तिसरी एक घडी घातलेली जाड रबरी पिशवी होती, तिला लांब नळी. शिवदासनं ती दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "ह्यां काय?"

"फुगो आसा तो, मामा. ही नळी सायलेन्सराक लावची. गाडी चालू केली काय धुरान फुगता आणि गाडी वर उचलता. मऊ जमनीत बरो. रुतणा नाय, कारण बूड मोठां."

शिवदासनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग आभाळाकडे. "गाडयेच्या पादान गाडी उचलतलंस?" तो म्हणाला. "जत्रेत इकूक बस, जत्रेत. पोरां घेतली."

"बाबा," श्रद्धा दारातून म्हणाली, "इचारल्यानी तर सरळ सांगा मगो."

"सरळच सांगतंय." शिवदास घरात गेला आणि देवाच्या कोपऱ्यातून दोन्ही हातांनी आपला जॅक घेऊन आला. कुंकवानं माखलेला, तेलानं चकचकीत. अंगणात ठेवताना त्यानं खाली फळी घातली. "ह्येका म्हणतत जॅक. भरलेलो टिपर उचललाहा ह्येणां. तुझी ही खेळण्याची गाडी ह्येका काय, माशी बसली तशी! व्हर माझो जॅक. पण तो एकटो येवचो नाय. मी वांगडा येतलंय."

गौरेश हसला. "मामा, तुमी येवच्यात म्हणानच तर इचारलंय. पुढे बसा तुमी. रस्तो तुमकाच ठावक. जमलां तर दर आयतारा येवा."

दर आयतारा! शिवदास जॅकवरची नसलेली धूळ पुसत राहिला. निघताना मात्र गौरेशनं तो रबरी फुगा ट्रकच्या मागच्या फळीखाली टाकलेला त्यानं पाहिला, आणि त्याला तो आपल्या जॅकचा अपमान वाटला.

रविवारी सकाळी तो पुढच्या सीटवर बसला. संदीप मागे फळीवर, जॅक शिवदासच्या दोन पायांत. गाव मागे पडलं, खाणीचं गंजलेलं फाटक आलं, आणि मग तो रस्ता. दोन्ही बाजूंना टाकाऊ मातीचे डोंगर, त्यांच्यावर आता झुडपं. खाली खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं. शिवदास वर बसला होता, पुन्हा वर. त्यानं सीटवरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "सीट कसली ही, बाकडां!"

गौरेशनं चढणीआधी कातडी हातमोजे चढवले. सैल होते, मनगटाशी उघडे. शिवदासनं ते बघितले. "हातमोजे? बाळंतीण काय रे तू, वारो लागतलो?"

संदीप मागून हसला. गौरेशही हसला. या मुलाला राग कसा येत नाही, याचाच शिवदासला राग यायचा.

चढणीच्या वळणावर पावसानं रस्ता खाल्ला होता. गौरेशनं गाडी आतून घेतली, पण मागचं डावं चाक घसरलं आणि ओहोळानं पाडलेल्या घळीत गेलं. गाडी बुडावर बसली. चाक नुसतं फिरायला लागलं, तांबडी माती उडवत. खाली उतरून तिघांनी पाहिलं. गाडी थोडी उचलून चाकाखाली दगड भरले की निघण्यासारखी होती. संदीप मागून फुगा काढायला गेला.

"ठेव तो थयच," शिवदास म्हणाला.

ही त्याची घडी होती. त्यानं घरून आणलेली फणसाची फळी खाली घातली, तिच्यावर जॅक ठेवला, दांडा घातला आणि मारायला सुरुवात केली. आधी दांडा अडला, मग एकदम सुटला. जॅक चढला. ट्रकचं अंग कुरकुरलं, चाक मातीतून सुटलं आणि हळूहळू वर आलं. शिवदास उभा राहिला. त्याच्या तोंडावर जी चमक होती ती सुलोचनेनं लग्नातसुद्धा पाहिली नसेल.

"मामा, मदी ओंडको घालूया?" संदीपनं विचारलं.

आता हा नियम मुळात शिवदासचाच. जॅकवर गाडी घेतली की मध्ये ओंडका किंवा चिरे घालायचे, मगच हात घालायचा. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. हे त्यानं उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना ओरडून सांगितलं होतं की खाणीवर त्याला ओंडका गावस म्हणायचे. आणि आज तोच माणूस म्हणाला,

"माझ्या जॅकाक कुबडी नको."

गौरेशनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं. मग तो वाकला, दगड घेतला आणि चाकाखाली हात घालून तो आत सारायला लागला. एक दगड गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी शिवदासला जॅकच्या गळ्याशी काहीतरी चमकलेलं दिसलं. कुंकवाच्या थराला चीर गेली होती आणि त्यातून तेल झिरपत होतं. लाल ओघळ फळीवर उतरला. वर्षानुवर्षं देवाजवळ बसून आतलं रबरी सील वाळून गेलं होतं. बाहेरून तेल चोळणाऱ्याला आतलं कधी बघावंसं वाटलं नव्हतं.

त्याला सगळं कळलं. पुढे काय होणार तेही कळलं. "हात काढ," एवढंच ओरडायचं होतं. पण ओरडलं की जॅक बसतोय हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं होणार होतं, फुग्यासमोर, संदीपसमोर, दर आयताराच्या त्या सीटसमोर. शिवदास गावस ओरडला नाही. त्यानं खाली वाकून भराभर दांडा मारायला सुरुवात केली. तेल आणखी जोरात आलं. जॅकनं दमलेल्या माणसासारखा एक सुस्कारा सोडला आणि चाक खाली बसलं.

गौरेश मागे फेकला गेल्यासारखा पडला. त्याचा उजवा हात छातीशी होता, उघडा. हातमोजा चाकाखाली होता, बोटं बाहेर आलेली, तळवा दगड आणि टायरच्या मध्ये. सैल मोजा होता म्हणून हात निसटला. घट्ट असता किंवा नसताच, तर काय झालं असतं ते तिघांनाही समोर दिसत होतं.

गौरेशनं बोटं उघडून मिटून पाहिली. "बरो आसा हात," तो म्हणाला. उलट तोच सासऱ्याची समजूत काढल्यासारखा बोलत होता.

मग संदीपनं मुकाट्यानं फुगा काढला. खाली ताडपत्री अंथरली, फुगा ट्रकखाली सारला, नळी सायलेन्सरला लावली. गाडी चालू केल्यावर फुगा फुगायला लागला आणि एका बाजूला कलायला लागला. "मामा, जरा धरा मगो, सरकता," संदीप म्हणाला. शिवदास गुडघ्यांवर बसला आणि जत्रेतला तो फुगा त्यानं दोन्ही हातांनी धरला. गरम रबराचा वास, तोंडावर धूर. ट्रक वर आला. या वेळी ओंडका घातला, दगड काठीनं ढकलले, आणि गाडी निघाली. चाकाखालचा हातमोजा पापडासारखा चपटा झाला होता. दोघांचं लक्ष नाही असं पाहून शिवदासनं तो उचलून खिशात घातला.

घरी जेवताना श्रद्धानं विचारलं, "काय, बाबांच्या जॅकान उचलली गाडी?"

शिवदासच्या तोंडात घास होता. गौरेश ताटाकडे बघत म्हणाला, "उचलली तर. मामांचो जॅक बरो आसा."

सुलोचना कौतुकानं हसली आणि तिनं नवऱ्याला माशाची आणखी एक तुकडी वाढली. शिवदासनं घास गिळला. इतके दिवस ज्याच्यावर थुंकला, त्यानंच याची लाज झाकली होती. आणि यानं ती झाकू दिली, वर माशाची तुकडीही खाल्ली. भाजीवालीच्या भेंडीला नावं ठेवणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच्या नजरेतून जो उतरला, तो रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा उतरतच होता.

पुढच्या शनिवारी गौरेशचा फोन आला. "येतलात मां, मामा?" शिवदासनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही गुडघाच दुखला. जी सीट त्यानं ते फोटो पाहिल्यापासून मनात धरली होती ती आता मिळत होती, तर तिच्यावर बसवेना.

मग खंडेनवमी आली. जावई आपला ट्रक पुजायला सुर्ल्यालाच आणायचा, तसा आणला. सुलोचनेनं सारवलेल्या जागी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि जॅक आणायला ती देवाच्या कोपऱ्याकडे वळली.

"तो नको," शिवदास म्हणाला.

त्यानं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून तो चपटा हातमोजा काढला आणि पाटावर ठेवला. टायरच्या नक्षीचा ठसा त्यावर तसाच होता. श्रद्धा हसायला लागली होती, पण गौरेशचं तोंड बघून थांबली.

"ह्यां काय, बाबा?"

"जॅक बसलो त्या दिसा," शिवदास म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "ह्येंचो हात खाली आसलो. ओंडको मीच घालूक दिलंय नाय. तेल गळताना माका दिसलां. माका दिसलां, आणि मी वराडलंय नाय."

सुलोचना कुंकवाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. श्रद्धानं आधी नवऱ्याचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. मग तिनं बापाकडे पाहिलं. ती नजर शिवदासच्या चांगल्या ओळखीची होती. आयुष्यभर ती त्यानं दुसऱ्यांवर वापरली होती. भेंडीवर, उंड्यावर, जावयावर. आपल्यावर आलेली मात्र तो पहिल्यांदाच बघत होता.

"ह्येका कुंकू लावचां?" सुलोचनेनं हळूच विचारलं.

"लाव. ह्येणां हात राखल्यान."

तिनं हातमोज्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली. ट्रकसमोर नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा सासऱ्याच्या हातावर ठेवताना गौरेशनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मग मामा, आयतारा येतलात मां?"

शिवदासनं तोंड उघडलं, पण श्रद्धानं त्याला बोलू दिलं नाही.

"येतले," ती म्हणाली. "पण मागच्या फळयेर बसतले. पुढे मी बसतलंय."

शिवदासनं खोबरं तोंडात टाकलं. ते खवट होतं की गोड होतं, याबद्दल तो काही बोलला नाही.

"बसतंय," तो म्हणाला.